विशेष गरजा असलेली मुले आणि आपला प्राथमिक वर्ग

‘अलीकडे अशी मुले फार वाढली आहेत,’ हे वाक्य आज कोणत्याही प्राथमिक शाळेच्या शिक्षक-खोलीत ऐकू येते. कोणी एका जागी क्षणभरही बसत नाही, कोणाला तिसरीत येऊनही अक्षरओळख नाही, कोणी नजरेला नजर देत नाही, तर कोणी वर्गात जरासा आवाज वाढताच कानांवर हात ठेवून रडू लागते. वाक्य उच्चारणाऱ्या शिक्षकाच्या मनात मुलांविषयी राग असतोच असे नाही. बहुधा त्यामागे थकवा असतो आणि आपण या मुलांना पुरे पडत नाही ही बोच असते. या वाक्यात किती तथ्य आहे आणि ते खरे मानले तर शाळेने, पालकांनी व समाजाने काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

संख्या का वाढलेली दिसते?

प्रथम कायद्याकडे पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. त्या यादीत स्वमग्नता नव्हती, वाचन-लेखनाशी निगडित अध्ययन-अक्षमता नव्हती, सिकलसेलही नव्हता. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि प्रकारांची संख्या एकवीस झाली. कालपर्यंत जे मूल नोंदवहीत ‘मंद’, ‘आळशी’ किंवा ‘हट्टी’ होते, त्याच्या अडचणीला आज नाव मिळाले आहे.

दुसरे कारण शाळेच्या दाराशी आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याआधीच सर्व शिक्षा अभियानाने कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारू नये असे धोरण स्वीकारले होते. पूर्वी अशी पुष्कळ मुले घरातच राहत. काही पहिली-दुसरीत येत आणि चौथीच्या आत गळून पडत. गळून पडलेल्या मुलाची गणना वर्गात होत नसते. तिसरे कारण आनंदाचे आहे. वेळेआधी जन्मलेली, अत्यंत कमी वजनाची जी बालके पूर्वी दगावत, त्यांतील कितीतरी आज नवजात शिशु कक्षांमुळे जगतात. त्यांपैकी काहींच्या वाट्याला विकासातील अडचणी येतात, आणि सहा वर्षांनी ती आपल्या वर्गात येऊन बसतात.

म्हणजे या वाढीचा मोठा भाग आपल्या पाहण्याच्या व स्वीकारण्याच्या वाढीचा आहे. मुले पूर्वीही होती. ती आपल्याला दिसत नव्हती. परंतु एवढे म्हटल्याने शिक्षकाचे ओझे हलके होत नाही. दार उघडले, मूल आत आले, बाकावर बसले. पण शिकवण्याची रीत जुनीच राहिली, तर ते मूल वर्गात असूनही शाळेबाहेरच असते. प्रवेश देणे आणि सामावून घेणे यांतील हे अंतर कमी करणे, हेच आजच्या प्राथमिक शिक्षणापुढचे अवघड काम आहे.

वागण्यामागचे कारण शोधणे

या कामाची पहिली पायरी खर्चाची नाही, निरीक्षणाची आहे. एकाच दिसणाऱ्या वागण्यामागे अगदी वेगवेगळी कारणे असू शकतात. ‘लक्ष देत नाही’ ही सर्वसाधारण तक्रार घेऊ.

एका मुलाचा कान लहानपणापासून वाहत असतो. त्याला अर्धेच ऐकू येते. सूचना दिल्यावर ते आधी शेजाऱ्याकडे पाहते आणि तो काय करतो ते पाहून वही उघडते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा धागा तुटतो. दुसरे मूल बोलता-बोलता काही सेकंद एकटक शून्यात पाहते, पापण्या किंचित फडफडतात, आणि पुन्हा भानावर येते. मधले काही त्याला आठवत नाही. हे दिवास्वप्न नसून अपस्माराचा एक प्रकार असू शकतो, आणि त्यावर औषध आहे. तिसऱ्या मुलीला सिकलसेलचा आजार आहे. विदर्भातील आदिवासी आणि काही अनुसूचित जाती-समूहांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. हाडे-सांधे दुखू लागले की तिचे लक्ष कशातच लागत नाही, आणि महिन्यातून काही दिवस ती गैरहजर राहते. चौथे मूल खरोखरच अतिचंचल आहे. त्याचे अवधान त्याच्या इच्छेने टिकत नाही. पाचव्याची घरची भाषा गोंडी किंवा कोरकू आहे आणि पुस्तकातील प्रमाण मराठी त्याला अजून परकी आहे. सहावे मूल ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर जाते आणि वर्षाकाठी चार-पाच महिने शाळेला मुकते.

या सहाही मुलांच्या प्रगतिपुस्तकात शेरा एकच पडतो. उपाय मात्र सहा वेगळे आहेत. शेवटच्या दोघांत तर अक्षमता मुळीच नाही. भाषेचे अंतर आणि स्थलांतर यांना अपंगत्व समजणे हा त्या मुलांवरील अन्यायच होय. म्हणून नाव देण्याची घाई करू नये. नोंद ठेवावी, कान-डोळे तपासून घ्यावेत आणि मग तज्ज्ञांकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके शाळांमध्ये येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज असलेल्या बालकांना पुढील उपचारांसाठी पाठवतात. पथक येण्याच्या दिवशी शिक्षकाजवळ महिनाभराची नोंद तयार असेल, तर दोन मिनिटांच्या तपासणीलाही नेमकी दिशा मिळते.

मराठी वाचताना अडखळणारे मूल

प्राथमिक वर्गात सर्वाधिक गैरसमज होतो तो अध्ययन-अक्षमतेविषयी. हे मूल बोलण्यात चतुर असते, गोष्ट सांगते, हिशेब तोंडी करते. पण वाचायला दिले की घामाघूम होते. देवनागरी लिपी उच्चारानुसारी आहे, म्हणून मराठीत अशी अडचण येत नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही.

‘कि’ लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘धर्म’ या शब्दात र चा उच्चार म च्या आधी, पण रफार म च्या डोक्यावर. राम, चक्र, सूर्य, ट्रक, दऱ्या या शब्दांत एकच ‘र’ पाच रूपे घेतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत एखाद्या रेषेचा वा गाठीचाच फरक. ‘ख’ जरा सुटा लिहिला की ‘रव’ होतो. बहुतेक मुले हे सारे सहज आत्मसात करतात. काहींना प्रत्येक अक्षर नव्याने उलगडावे लागते, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विस्मरतो. अशा मुलाला तोच धडा दहा वेळा उतरवून काढायला लावणे म्हणजे लंगडणाऱ्याला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावण्यासारखे आहे.

त्याला काय उपयोगी पडते? अक्षर बोटाने गिरवणे, वाळूत काढणे, खरबरीत कागदावर हात फिरवणे. जोडाक्षरे सोडवून दाखवणे. वाचताना ओळीखाली पट्टी धरणे. ठळक, मोकळ्या अंतराचा मजकूर देणे. उत्तर तोंडी सांगण्याची मुभा आणि लिहिण्यास थोडा अधिक वेळ. या अक्षमतेचे औपचारिक निदान साधारणपणे आठ वर्षांच्या वयानंतर, तिसरीच्या सुमारास होते. मदत मात्र पहिलीपासून सुरू करता येते. तिला प्रमाणपत्र लागत नाही. हे अतिचंचल मुलाच्या बाबतीतही ध्यानात ठेवावे, कारण अतिचंचलतेचे नाव कायद्याच्या एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे आलेले नाही. कागद नाही म्हणून गरज नाही, असे होत नसते.

एकासाठी केलेला बदल सर्वांच्या कामी

‘एका मुलाकडे पाहत बसलो तर बाकीच्यांचे काय?’ हा प्रश्न पालकही विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर बालशिक्षणाच्या इतिहासात सापडते. मारिया मॉन्टेसरी यांनी आपल्या कार्याचा आरंभ ज्यांना त्या काळी शिकण्यास असमर्थ ठरवले होते अशा मुलांपासून केला. हाताने हाळण्याची, स्पर्शाने ओळखण्याची साधने त्या मुलांना लाभदायक ठरली. तेव्हा हीच रीत इतर मुलांना का नसावी, असा विचार त्यांच्या मनात आला आणि १९०७ मध्ये रोममधील श्रमिकांच्या वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तो विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरात रुजवला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात आणला. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी तो आपल्या मातीत घडवला. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे जावी, म्हणून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाला दोष न देता व्यवस्था बदलण्याचा हा धडा आपल्या घरचाच आहे.

आजच्या वर्गातही हेच घडते. श्रवणदोष असलेल्या मुलासाठी शिक्षक वर्गाकडे तोंड करून, सावकाश, एका वेळी एकच सूचना देऊ लागले, तर शेवटच्या बाकावरील सर्वांनाच ती समजते. स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्याच्या कडेला मांडला, तर पुढे काय आहे हे साऱ्या वर्गाला कळते आणि गोंधळ कमी होतो. चंचल मुलाला उठण्याचे हक्काचे निमित्त मिळावे म्हणून वह्या वाटण्याचे, फळा पुसण्याचे काम दिले, तर त्याची ऊर्जा कामी येते. दर वीस मिनिटांनी कृतीचा प्रकार बदलला तर तिशीतले एकही मूल कंटाळत नाही.

ज्या मुलाचे वागणे अनाकलनीय वाटते, त्याच्यासाठी वहीचे एक पान तीन रकान्यांत आखावे: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. समजा, एक मूल अधूनमधून किंचाळते आणि वर्गाबाहेर पळते. दोन आठवड्यांच्या नोंदीतून दिसते की हे नेहमी पटांगणात कवायतीचा ढोल वाजू लागला की होते. मग उपाय शिक्षेत नाही. ढोल वाजण्यापूर्वी पाच मिनिटे त्याला सांगून ठेवणे, त्या वेळी त्याला ग्रंथालयाच्या शांत कोपऱ्यात बसू देणे, यात आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे. आणि जे मूल स्वतःचे सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत तर तिचा मोह अधिक कठोरपणे टाळावा लागतो.

वर्षभराची उद्दिष्टे मोठी ठेवण्यापेक्षा तीन महिन्यांची लहान ठेवावीत. ‘वाचन सुधारेल’ असे लिहू नये. ‘दिवाळीपर्यंत जोडाक्षर नसलेले चार शब्दांचे वाक्य मदतीविना वाचेल’ असे लिहावे. असे लिहिले म्हणजे मूल कुठे पोहोचले हे शिक्षकाला, पालकाला आणि स्वतः मुलालाही कळते. महाराष्ट्रात पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्या आहेत. ज्याला पहिलीपासून आधार मिळाला नाही त्याला पाचवीच्या उंबरठ्यावर थांबवणे, म्हणजे आपल्या उणिवेची शिक्षा त्याला देणे होय. एक-दोन वर्षे मागे राहिलेले मूल बहुधा शाळाच सोडते.

एकट्या शिक्षकाने किती पेलावे?

वरील सारे बदल सामान्य शिक्षक करू शकतो; परंतु सारेच त्याने एकट्याने करावे अशी अपेक्षा धरणे न्यायाचे नाही. बहुविकलांग मुलाला बसवणे, खाऊ घालणे, स्वच्छ करणे. मेंदूच्या पक्षाघातामुळे आलेला स्नायूंचा ताठरपणा सांभाळणे. सांकेतिक भाषा, ब्रेल, वाचा-उपचार ही प्रशिक्षितांची कामे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. शाळेने ही मागणी उपकार म्हणून न करता नियम म्हणून करावी.

मागणीसाठी मात्र कागद नीट लागतात. मुलाची नोंद यू-डायस प्रणालीत अचूक हवी. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञाला लेखी कळवावे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे दर वर्षी ३,५०० रुपयांची तरतूद आहे आणि मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपयांचा विद्यावेतन-लाभ आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. रक्कम थोडी असो वा मोठी. अनेक पालकांना ती आपल्या हक्काची आहे हेच ठाऊक नसते.

निवासी शाळेची अधिक जबाबदारी

निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्याकडे असते. घरी आईच्या लक्षात आले असते ते येथे गृहपाल, स्वयंपाकघरातील मावशी आणि खोलीतील सोबती यांच्या लक्षात यावे लागते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी पालकांशी अर्धा तास निवांत बसावे. बाळंतपण कसे झाले, मूल कधी बोलू-चालू लागले, फिट आली होती का, कान वाहत होता का, कोणते औषध चालू आहे, त्याला कशाची भीती वाटते आणि ते कशाने शांत होते, हे विचारून लिहून ठेवावे. पालक निरक्षर असले तरी आपल्या मुलाविषयीचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाजवळच नसते.

वसतिगृहाचे काही नियमही पारखून घ्यावेत. पहाटे थंड पाण्याने स्नान ही शिस्त म्हणून उत्तम असेल; परंतु सिकलसेल असलेल्या मुलीला थंडी, पाणी कमी पिणे आणि अतिश्रम यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. तिला कोमट पाणी, हाताशी पिण्याचे पाणी आणि ताप येताच त्याच दिवशी दवाखाना मिळाला पाहिजे. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला चारचौघांत बोलू नये; गुपचूप चादर बदलण्याची सोय ठेवावी. अपस्माराची गोळी चुकता कामा नये; ती कोण देणार आणि तो रजेवर असेल तर कोण, हे भिंतीवर लिहिलेले असावे. आणि वसतिगृहातील टोपणनावांकडे लक्ष ठेवावे. ‘ढ’, ‘तोतरा’, ‘येडा’ ही नावे मोठ्यांच्या तोंडून सुटली की मुलांना ती परवानगीच वाटते.

पालक, माजी विद्यार्थी आणि समाज

ज्यांच्या मुलाला विशेष मदत लागते, त्यांनी लपवू नये. लग्न जमणार नाही, लोक काय म्हणतील, या भीतीने गेलेली वर्षे परत मिळत नाहीत, आणि लहान वयातील एका वर्षाचे मोल पुढील अनेक वर्षांहून अधिक असते. ज्यांच्या मुलाला अशी मदत लागत नाही, त्यांनी आपल्या मुलाशेजारी कोण बसले आहे याची तक्रार करू नये. ज्या समाजाच्या लेकरांना एकेकाळी वर्गाबाहेर बसवले गेले, त्या समाजाला ‘हे मूल आमच्या वर्गात नको’ या वाक्याची धार वेगळी समजावून सांगावी लागू नये.

माजी विद्यार्थ्यांपाशी देण्यासारखे पुष्कळ आहे. कोणी कान-नाक-घसा तज्ज्ञ असेल तर वर्षातून एक दिवस तपासणीला यावे. कोणी कार्यालयीन कामात मुरलेला असेल तर प्रमाणपत्राचे अर्ज भरून द्यावेत, जिल्हा रुग्णालयात पालकांसोबत जावे. त्या रांगेत मजुरी बुडवून दोनदा परतलेला बाप तिसऱ्यांदा येत नाही. सुतारकाम जाणणाऱ्याने एक उतरण, एक आधाराची खुर्ची, शौचालयातील एक दांडा बसवावा. कोणी ठळक अक्षरांतील गोष्टींची पुस्तके आणावीत, कोणी ती आवाजात वाचून ध्वनिमुद्रित करावीत. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांना स्वतःला शाळेत ‘ढ’ म्हटले गेले व जे पुढे आपल्या पायांवर उभे राहिले, त्यांनी येऊन मुलांशी फक्त गप्पा माराव्यात. त्याहून मोठे पाठबळ नाही.

पटावर किती मुले आहेत यावर शाळेचे अनुदान ठरते. त्यांतील सर्वांत मागे राहिलेले मूल काय शिकून बाहेर पडले यावर शाळेचे मोल ठरावे. यंदाच्या जूनमध्ये प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातील एका मुलाची निवड करावी. ज्याच्याविषयी आपण सर्वाधिक तक्रार करतो, त्याचीच करावी. त्याच्या नावाने एक वही घालावी आणि महिनाभर केवळ पाहावे व लिहावे. एवढ्याने सारे प्रश्न सुटणार नाहीत. पण महिन्याच्या शेवटी त्या मुलाविषयी बोलताना आपले पहिले वाक्य बदललेले असेल, आणि त्याचे शिक्षण तेथून पुढे सुरू होईल.